शिट्टी

निरोप द्यायला आले होते मी,
आणि गाडी माझीच आहे.

मिरज जंक्शन, रात्रीचे पावणेदहा.
अक्का बाकावर बसलीय, पायांत घरातल्या चपला.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
ती स्टेशनावर घरातल्या चपलांनी आली,
आणि मी बुटांत.

दहा दिवसांची रजा काढून तिला पोचवायला आले.
मालनकाकू म्हणाल्या,
"बहिणीला माहेरी सोडायला आलीस होय गं?"
सासर कुठलं, ते दोघींनीही सांगितलं नाही.

कुवेतच्या खोलीत दोन खाटा, एक खिडकी.
तिची दिवसपाळी, माझी रात्रपाळी.
एकमेकींना आम्ही जास्त करून झोपलेलंच पाहिलं.
दुपारी माझ्या तोंडावर ऊन यायचं
म्हणून तिनं खिडकीला वॉर्डातली जुनी हिरवी चादर ठोकली होती.
ती तिथंच आहे.

सामान वाटताना भांडलो नाही, तेच चुकलं.
कुकर तुला, बायबल मला,
सुरी राहू दे तुलाच, मिरजेत हव्या तितक्या मिळतात.
बॅग घेऊन ती वजनकाट्यावर चढायची, उतरायची,
तीस किलोंत चार किलो खजूर.
"मार्केटात मिळतो की अक्का आपल्याकडं."
"मिळतो. पण मग मी आणलं काय?"

फ्लॅटचं दार फुगलेलं होतं.
दोघींनी खांदा लावला.

बँकेतल्या पोरानं विचारलं, "कायमच्या आलात?"
पेशंटच्या नातेवाइकांपुढं हलवायची
तशी मान हलवली अक्कानं,
हो की नाही ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.
फॉर्मवर पत्ता लिहिताना तिचं पेन थांबलं.
पिनकोड मी सांगितला.
चारशे सोळा, चारशे दहा.

साडेपाचला पाणी येतं.
पाचपासूनच ती नळापुढं उभी, ड्यूटीवर असल्यासारखी.
पाणी आलं तरी मला हाक नाही.
बादलीत आधी फडकं टाकायची, आवाज नको म्हणून.
काकूंना हळूच सांगायची,
"झोपू दे तिला. रात्रपाळी असते."
मी जागीच असायचे.

तिसऱ्या दिवशी बॅगेच्या तळाशी
मोज्यात गुंडाळलेली सापडली
कुकरची शिट्टी.
कुकर तिकडं, शिट्टी मिरजेत!
हसलो, इतक्या हसलो की काकू काय झालं म्हणून धावत आल्या.
त्या गेल्यावर अक्का म्हणाली,
"तीन झाल्या की बंद करत जा. तू झोपतेस."
खरंय ते.
ड्यूटीआधी माझा डोळा लागायचा,
शिट्ट्या ती मोजायची,
आणि वरणाचा वास आला की मी उठायचे.

गाडी आली. हल्ली गाड्या शिट्टी देत नाहीत,
भोंगा वाजवतात, अंगावर आल्यासारखा.
खिडकीच्या गजांतून तिनं भडंगाची पिशवी दिली,
पाण्याची बाटली दिली, टोपण पुन्हा घट्ट करून.
मी म्हटलं, "गुडघ्याला तेल लाव."
ती म्हणाली, "पोचलीस की फोन कर."

आईचं वाक्य ते.
आई गेली त्या वर्षापासून कुणी म्हटलंच नव्हतं.
गरज कुठं होती?
आम्ही जिथं पोचायचो
तिथं एकमेकींच्या चपला दारात असायच्या.

ताकारी गेल्यावर पर्स उघडली.
पासपोर्ट आहे, तिकीट आहे,
मोज्यांचा जोड आहे, धुऊन, घडी घालून.
आत हात घातला. दोन्ही मोज्यांत.
शिट्टी नाही.

तिनं दिली नाही. मी मागितली नव्हती.
खालच्या दुकानात मिळते, फार महागही नसते.
पण लगेच नाही घेणार.
काही दिवस पातेल्यातच शिजवीन डाळ,
समोर उभी राहून.
वेळ लागतो.