पान्हा

दुलामसुरेनबाईंनी ती कोटाच्या आतून काढली,
कातडी पिशवीत, वर लोकरीचा मोजा.
उलानबातरला उणे एकतीस, आणि त्या आलेल्या गोबीतून,
बसचे अकरा तास.
"लाव बघू," म्हणाल्या, टोपीवरचा बर्फ झाडत.

आज नाही, मी म्हटलं.
गारठलेल्या डिस्कला ऊब एकदम सोसत नाही.
आतल्या आत घाम फुटतो तिला,
आणि त्या थेंबात चौदा वर्षं बुडू शकतात.
रात्रभर राहू दे मोज्यातच.

भावाकडे जायच्या होत्या, गेल्या नाहीत.

सकाळी वीज दिली.
टक्.
टक्.
टक्.
हा आवाज मी झोपेतही ओळखतो:
हेड तबकडीवर आपली जागा शोधतं,
सापडत नाही, काठाला धडकून परत येतं.
लगेच बंद केली.
कशी पडली, मी विचारलं नव्हतं.
"बोकडाने टेबल पाडलं," त्यांनीच सांगितलं.
या दुकानात इतकं खरं कारण पहिल्यांदाच ऐकलं.
बाकी सगळ्यांच्या डिस्क आपोआप बंद पडतात.

नारानतूलच्या बाजारात तीन दिवस हिंडलो
तिच्याच साच्याची, तिच्याच महिन्याची दुसरी शोधत.
मिळाली, कुणाच्या तरी सिनेमांनी भरलेली.
तिचे हेड काढून हिला बसवले,
काचेच्या पेटीत हात, श्वास बाहेर.

तरी देईना.

मग बाई म्हणाल्या,
औषधाचा डोस सांगावा तशा कोरड्या आवाजात
(जनावरांच्या डॉक्टर त्या, तीन तालुक्यांना एकट्या):
पहिलटकरीण सांडणी कधी पिल्लाला लाथाडते,
पान्हा चोरते.
मारून उपयोग नसतो.
मानेवर हात ठेवून एकच सूर धरायचा,
दुपार गेली तर जाऊ द्यायची.

आणि माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून
गुणगुणू लागल्या.
यंत्राला कान नसतात, हे ओठावर आलं होतं.
गिळलं.

मी माझं करत होतो:
सहज देईल ते आधी घ्यायचं.
अडली तर रेटायचं नाही, उडी मारून पुढे जायचं,
मग शेवटाकडून उलटं यायचं,
मागच्या दाराने.
एक एक सेक्टर, धार काढावी तसा.
सूर लागला म्हणून ती देऊ लागली, असं मी म्हणणार नाही.
पावतीवर तसा रकाना नाही.

पाचव्या पहाटे चौऱ्याण्णव टक्के.

फोटो आले, नावं नाही आली.
फाइल एक, फाइल दोन, फाइल चाळीस हजार सातशे.
कुठल्या सालचं कोण, काहीच नाही,
नुसती तोंडं, वशिंडं, डाग दिलेल्या मांड्या.
मला सगळे उंट सारखेच.
बाई मात्र एकेकाला हाका मारत सुटल्या.
ही त्सेवेलच्या कळपातली. हा हट्टी, खूर कापू देईना.
ही त्या हिवाळ्यात गेली, जेव्हा सगळेच गेले.

मग थांबल्या.
"सहा टक्क्यांत कोण कोण आहे?"

उत्तर माझ्यापाशी नव्हतं.
गेलेलं आपलं नाव मागे ठेवून जात नाही.
मागे उरतो राखाडी पट्टा,
फोटोच्या अर्ध्यावर ओढलेला.

अशाच एका पट्ट्यावर
तांबडा फाटका कान होता, नुसता कान,
आणि अर्धा डोळा.
मी ती फाइल खराब म्हणून बाजूला टाकणार,
तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.
"राहू दे. एवढी पुरे. मी ओळखते हिला."

पैसे निम्मे दिले, निम्मे वसंतात.
वर पिशवीभर सुकवलेलं दही,
दात पडेल इतकं कडक.
जुनं कवच परत मागितलं, का ते सांगितलं नाही.

आतला चुंबक तेवढा मी ठेवून घेतला.
टेबलावरच्या दिव्याला लावलाय.
चिमटे धरतो, बारीक स्क्रू धरतो,
आणि कधी रात्री कुणाची डिस्क अडून बसली
तर मी इकडे तिकडे बघून,
दार लावलंय ना याची खात्री करून,
थोडंसं गुणगुणतो.