बोटभर फट

सप्टेंबरात लग्न, ऑक्टोबरात घर.
लोक म्हणतात, एक पाहावं करून, एक पाहावं बांधून;
आपण दोन्ही एकाच पगारात पाहिलं, आहतो,
आणि डिसेंबर संपत आला तेव्हा
अर्धी लाकडी जमीन तासलेली, अर्धी तशीच तपकिरी,
मधोमध सरळ रेघ,
जणू भरती इथवर आली आणि पुढचं विसरली.

फेरीबोट तीन दिवस बंद.
न्हाणीघराच्या निळ्या फरश्या
पलीकडच्या धक्क्यावर कुठेतरी खोक्यात बसल्यात.
वारा पडला की येतील, म्हणतोस.
तू सगळ्याच बाबतीत असं म्हणतोस.
या बेटावर साडेतीनला अंधार पडतो
आणि साडेतीनलाच तुला रंधा सापडतो.

दार घासतंय, हे मीच म्हटलं होतं. कबूल.
एक हात फिरव, म्हटलं. तू नऊ फिरवलेस.
आता दार घासत नाही,
आता दाराला काही शिवतच नाही.
खाली बोटभर फट,
आणि त्या फटीतून अख्खा बाल्टिक स्वयंपाकघरात.
मी बोलले ते बोलले.
तुझ्या आईचं नाव मधे आलं, यायला नको होतं.
वर्षाचा शेवटचा दिवस, आणि तू बाहेर जाऊन
लाकडं फोडत बसलास, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.
मी खिडकीतून मोजली नाहीत.
एकेचाळीस.

रागाला हाताशी काहीतरी हवं होतं.
भिंतीचा कागद सोलायला घेतला:
फुलांचा, त्याखाली पट्ट्यांचा, त्याखाली हिरवा,
त्याखाली खळ लावून चिकटवलेलं वर्तमानपत्र,
दुधाचे भाव, कुणाची तरी हरवलेली गाय,
आणि मग नुसता ओंडका. त्यावर पेन्सिलीनं:
फळ्या चौदा.
खिळे दोन किलो.
दार. साल्मे म्हणते थंडी लागते.
वरच्या दोन ओळींवर काट मारलेली. तिसरीवर नाही.

हाक मारली तसा आलास,
ओल्या बुटांनी, बरोबर तासलेल्या अर्ध्यावरून.
वाचलंस. पुन्हा वाचलंस.
“म्हणजे हे दार आधीपासूनच...” एवढंच म्हणालास,
आणि तुझ्या तोंडावर
निर्दोष सुटलेल्या माणसाचं हसू पाहून
मला पुन्हा राग आला,
पण हा वेगळा, मीठ लावून खाण्याजोगा.

रात्री शेजारच्या एल्फ्रीदेबाईंनी
कथलाचे दोन छोटे नाल आणून दिले.
पळीत वितळवायचे, गार पाण्यात ओतायचे,
निघेल तो आकार म्हणजे येणारं वर्ष.
तुझं जहाज निघालं, असं तुझं मत.
मला बटाटा दिसला.
माझा नाल पसरला, एका बाजूनं फुगला;
दिव्यासमोर धरून आपण त्याची सावली भिंतीवर पाडली.
कोल्हा, मी म्हटलं.
पाळणा, तू म्हणालास, आणि लगेच खोकलास.
मी काहीच म्हटलं नाही.
वाकले, आणि तो दाराखालच्या फटीत बसवून पाहिला.
वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी आलाच.

बाराच्या सुमारास
लग्नात आलेलं लोकरी पांघरूण दाराशी गुंडाळलेलं,
आणि आपण कोट घालून न तासलेल्या अर्ध्यावर,
एकाच ताटात आंबवलेली कोबी, बटाटे, काळं सॉसेज,
कारण बाकीची ताटं दुपारपासून खरकटी.
दूर बंदरावर कुणीतरी एकच फटाका उडवला.
दुसऱ्याची वाट पाहिली. नव्हता.

मग तू उठून ओंडक्यावर, साल्मेच्या खाली, लिहिलंस:
जमीन, अर्धी. फरश्या, वारा पडला की.
दार,
आणि पेन्सिल माझ्याकडे दिलीस.
मी लिहिलं: लेलोही तेच म्हणते.

तू चुलीत एक लाकूड सारलंस.
ओलं होतं, नुसतं धुमसत राहिलं.
उरली चाळीस.