रंग नाही

राइतिस, आधी हातमोजे काढ.
या काचेत बघ, तेलाच्या वर
बोटभर पोकळी.
घाई नको. रात्रभर साठलाय गॅस,
आपणही सावकाश वाचू.
पांढुरका, तर आत कागद जळतोय.
पिवळसर, तर लाकूड.
काळपट, तर तेलच.
आणि रंग नाही, वास नाही, काडी लावली तरी पेटत नाही,
तर नुसती हवा,
तेल भरताना आपणच आत सोडलेली.
माझ्याकडूनही झालंय. तू बोलू नकोस कुठे.

हा दुसरा रिले पैपैचा हिशेबी.
आत किती गेलं, बाहेर किती आलं.
फरक दिसला की विचारत नाही, तोडतो.
पण ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदा चालू करताना
घटाघटा पितो, सहापट, आठपट,
तेव्हा याने डोळेझाक करायची.
ती शिकवण्यात माझे तीन हिवाळे गेले.
दर वेळी सगळं गाव काळोखात
आणि शिव्या स्कैद्रितेला.
राखण म्हणजे ऊठसूट भुंकणं नव्हे, बाळा.

खांबावरच्या लहानग्यांचे एवढे लाड नाहीत.
एक फ्यूज, एक अरेस्टर, झालं.
रेझेक्नेच्या वाटेवर करकोचा घरटं बांधतो,
ओली काटकी घसरते,
फ्यूज तुटून मान टाकतो.
गाडीतूनच कळतं, कुठला गेला.
शाळेतला कोरडा होता, तेलाचा थेंब नाही,
गुंडाळ्यांत ताप मोजणारे मणी.
शाळा बंद झाली.
ताप येतोय कशाला?

हा मोठा, पंचवीस एमव्हीएचा.
मी आले तेव्हा जानेवारीतसुद्धा घामाघूम,
पंखे आपोआप सुरू व्हायचे.
आता काटा पावाच्या वर चढत नाही.
महिन्यातून एकदा मीच फिरवते पंखे,
गंजू नयेत म्हणून.
माझा इल्मार्स गेला आयर्लंडला, अळंब्या खुडायला.
मग समोरचे दोघे. मग बेकरी.
मग पोस्टातली ती हसरी मुलगी.
एकेक बुडबुडा,
आणि घंटा कुठेच वाजली नाही.
आत किती, बाहेर किती,
त्याचा रिले कुणी बसवला नव्हता.

चल, नळी भरली. इथे नको,
कुंपणापाशी ये. वाऱ्याकडे पाठ कर.
ओढ काडी.
...
अजून एक.
...
पेटत नाही.

लिही: तारीख, वेळ, रंग नाही.
खाली सही तुझी.
हो, तुझीच.
सोमवारपासून तुझीच चालणार आहे.