झोपेची वही

चाळीस वर्षं आम्ही एकाच पलंगावर झोपलो,
पण एका वेळी क्वचितच.
मी रात्री अकराला बेकरीत निघायचो.
जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीला
आतून पाव थापता थापता
कुताइसीत उजाडायचं.
घरी यावं तर त्सिआला शाळेत गेलेली,
उशीवर तिच्या डोक्याचा खळगा
अजून कोमट.
त्यातच मी डोकं ठेवायचो.

आता रात्री तीही घरी, मीही घरी,
झोप तेवढी बाहेर.

चौथा डोस झाला त्या मंगळवारपासून
दोनच्या सुमाराला ती टक्क जागी.
कधी चादर पिळावी इतका घाम,
कधी तळव्यांना मुंग्या,
उजव्या कुशीवर वळावं तर
छातीत बसवलेली ती नाण्याएवढी डबी टोचते.
कधी काहीच नाही. नुसतं छत.
"बारा फळ्या," म्हणते, "आणि एक तडा.
काल अकराच होत्या."

लामारा सिस्टरने एक वही दिली:
पाठ किती वाजता टेकली, डोळा किती वाजता लागला,
किती वेळा उठली, दुपारी किती पेंगली.
बेकरीचा हिशेब लिहावा तसा मी आठवडाभर लिहिला.
सगळा तोटा.

सिस्टरने वही चाळली, एकच विचारलं:
ती पांढरी गोळी, स्टिरॉइडची, कधी देता?
रात्री, मी म्हणालो, जेवणानंतर, नऊच्या ठोक्याला,
एक दिवस चुकवलेला नाही.
ती डॉक्टरांशी बोलून आली.
सकाळी देत जा, म्हणाली, न्याहरीबरोबर.

म्हणजे इतके दिवस मीच
तिच्या डोळ्यांत पेटती काडी टाकत होतो,
पाण्याच्या घोटाबरोबर,
केवढ्या मायेने.

त्सिआला हसली. बऱ्याच दिवसांनी.
"शेवटी मलाही
रात्रपाळीला लावलंस."

गोळी सकाळवर गेली. झोप आली,
पण उभ्या उभ्या आलेल्या पाहुण्यासारखी,
बूट न काढता.

मग बाकीचं शिकलो.
दुपारची डुलकी अर्धाच तास, गजर लावून
(तिला उठवताना माझा हात कापतो).
अंथरुणात तळमळत पडायचं नाही,
उठून स्वयंपाकघरात बसायचं, छोट्या दिव्यापाशी.
रात्र कशीही जावो, सकाळी उठायचं त्याच वेळी.
लिंडनच्या फुलांचा चहा चालेल, तोही विचारून घेतला.
शेजारची दारेजान पिशव्या भरभरून पाला आणते,
प्रत्येक पाला अक्सीर.
मी आभार मानतो
आणि बाल्कनीतल्या डब्यात ठेवून देतो.

एकदा मी शहाणपण केलं. म्हणालो,
पीठ फुगावं म्हणून त्याच्यावर नजर रोखून बसू नये,
ओलं फडकं टाकावं, पाठ फिरवावी.
ती म्हणाली, "मी पीठ नाही, नुग्झार."
खरंच होतं.

काल रात्री तीन.
खाली रिओनी दगडांवरून खळाळत होती.
लोकरी मोज्यांतले पाय तिने माझ्या मांडीवर ठेवले,
मी तळव्यांवरून अंगठा फिरवत होतो,
आयुष्यात कुठलीच कणीक
इतक्या हलक्या हाताने मळली नसेल.
"भीती कुठे लिहायची?" तिने विचारलं.
"वहीत तिचा रकानाच नाही."
मागच्या पानावर लिही, मी म्हणालो.
आणखीही काही म्हणणार होतो

सकाळी जागा झालो तर मान आखडलेली,
अंगावर तिची शाल,
ती ओट्यापाशी कालचा पाव कापत होती.
वही उघडी. फळ्यावर लिहायची तशा
गोल, मोठ्या अक्षरांत:

नुग्झार. तीन दहा ते सहा पाच.
घोरला. एकदा झोपेत हसला.
मी. साडेचार ते पावणेसहा, बाकावर,
त्याच्या घोरण्याच्या आत.

मागचं पान
मी अजून उलटलेलं नाही.