दमी शेख

घोरपडीला, रुळांच्या पलीकडे
मेहेरहोमजींचं तळघर होतं.
वर ऊन मी म्हणायचं, खाली मे महिन्यात स्वेटर.
माझे वडील, गेनू लोणकर,
तिथं बाटल्या वळवायचे.

एवढंच काम.
लाकडी घोडीत माना खाली घालून खोचलेल्या बाटल्या,
प्रत्येकीच्या बुडाला चुन्याची रेघ,
रोज प्रत्येकीला आदपाव वळसा.
दोन हातांनी दोन, मग पुढच्या दोन,
काचेचा लाकडावर खुळखुळ आवाज.
झोपेतही त्यांची मनगटं हलायची.
घरातलं लोणचं, रॉकेलची बाटली,
जाता-येता सगळ्याला आदपाव.

गाळ असा हळूहळू मानेशी येतो,
जसं महिनाभराचं भांडण शेवटी एका शब्दावर येतं.
मग मान गोठवायची. बूच उडवायचं. गाळ गेला.
जी बोटभर जागा रिकामी होते
ती साखरेच्या पाकानं भरायची,
कुणाला थेंब, कुणाला पळी.
थेंबवाली ब्रूट. वडील तिला सदाशिव पेठ म्हणायचे.
पळीवाली डेमी-सेक.
तळघरात फ्रेंच कुणाच्या बापाला येत होतं?
तिचा दमी शेख झाला.

"आज दमी शेखच्या चारशे वळवल्या."
"दमी शेखला बंगलोरहून बोलावणं आहे."
"दमी शेख यंदा जरा जास्तच गोड झालाय, साहेब म्हणाले."
आई भाकरी थापताना ऐकायची.
संक्रांतीला तिनं तिळाच्या वड्यांची
दुसरी पुरचुंडी बांधली:
ही शेखभाऊंना.
वडील उंबऱ्यात थांबले, काहीतरी बोलणार होते,
मग पुरचुंडी खिशात टाकून सायकलवर बसले.

बारा वर्षं जात राहिली ती पुरचुंडी.
एका ईदला आई म्हणाली, उलट काहीच कसं येत नाही?
त्या संध्याकाळी वडिलांनी शीरखुर्मा आणला,
स्टीलच्या डब्यात.
"त्यांचा डबा परत करा हो,"
आई पुढचे सहा महिने मागे लागली होती.

मग धाकटे मेहेरहोमजी परदेशात शिकून आले.
म्हणाले, गोड आता पितो कोण?
म्हातारे, आणि लग्नात केक कापणारे.
पणजोबांच्या सहीचं लेबल राहिलं,
पाकाची पातेली भंगारात गेली.
त्याच पावसाळ्यात ससूनमध्ये
वडिलांच्या रक्तात साखर निघाली.
"तिकडची इकडं आली," ते म्हणाले,
आणि चहा कोराच प्यायले.

"शेखभाऊंचं नाव नाही हल्ली?"
"काढलं कामावरून."
"अरे देवा. मुलंबाळं?"
वडील बराच वेळ रेडिओचं बटण फिरवत राहिले.
"होती. पुष्कळ.
सगळी लग्नाकार्यांत गेली."

परवा त्यांची ट्रंक उपसली.
कोटाखाली, पुरचुंडीच्याच कापडात गुंडाळलेली
एक बाटली. लेबल पिवळं.
मी आईला वाचून दाखवलं, डेमी-सेक,
सांगितलं, म्हणजे अर्धं कोरडं.
म्हटलं, आई, दमी शेख नावाचा माणूस कधी नव्हताच.

आई चष्मा पुसत होती.
"डब्याच्या बुडाला हॉटेलचं नाव कोरलेलं होतं,"
ती म्हणाली. "मला वाचता येतं."

तरी वड्या देत राहिलीस?

"त्यांना दुपारच्याला जास्तीच्या लागायच्या.
मागायला लाजायचे."

बाटली तिनं फळीवर आडवी ठेवली,
शेजारी तो डबा.
दिवा घालवायला वळली,
परत आली,
आणि तिला आदपाव फिरवली.