उलटा ठसा

टाम्पेरेच्या ग्रंथालयात, तळमजल्यावर,
बाहेर उणे एकोणीस, आत ओल्या लोकरीचा वास,
औलिक्कीबाई फळ्यावर लांबलचक शब्द लिहितात:
साइप्पुआकौप्पिआस.
म्हणजे साबण विकणारा.
"आता शेवटाकडून वाचा."

आपल्या लिपीत ही गंमत उतरत नाही,
काने-वेलांट्या पायात येतात.
'चिमा काय कामाची' आठवा, तसलंच काहीतरी.
त्यांच्या पंधरा अक्षरांत मधोमध एक क उभा,
फाटकाच्या खांबासारखा,
आणि अलीकडून जे दिसतं तेच पलीकडून.

वर्ग हसतो.
रिदवान साबूनी हसत नाही.
वय एकसष्ट, हलबला पाच पिढ्यांचा कारखाना,
आडनावातच धंदा, आपल्याकडच्या कासारासारखा.
वहीच्या उजव्या कडेला तो पेन टेकवतो,
हात जन्मापासून जिथून निघतो तिथे,
आणि एकेक अक्षर मांडत डावीकडे जातो.
औलिक्कीबाई वही बघतात.
चष्मा काढून पुन्हा बघतात.
चूक सापडत नाही.

मग कुणीतरी विचारतं, तुमच्यात काय म्हणतात?
हिबाक म्हणते, साबून.
काबूलचा पोरगा म्हणतो, साबूनच, ह्यात विचारायचं काय.
गोमाची फुराहा: साबुनी.
हनोईची थुई, जरा लाजत: सा फोंग.
ओक्साना म्हणते, मिलो,
आणि एकटी पडते.
थुई तिला आपल्यातलं अर्धं बिस्कीट देते.

शब्द ह्याच बाजूचा, असं जाणते म्हणतात,
समुद्रापलीकडच्या उत्तरेच्या रानातला.
राख आणि चरबी. कदाचित थेंबथेंब गळणं.
तिथले लोक म्हणे त्यानं केस तांबडे करायचे.
रोमनांनी उचलला, ग्रीकांनी पुढे दिला,
सुरियानी, अरबी, मग जहाजं, मग काफिले,
आणि एक दिवस आपल्या मोरीत
खापराच्या तुकड्यावर साबण होऊन बसला.
इथल्यांनीही तो शेजाऱ्याकडूनच उसना घेतलेला.
कुठून आलास, किती दिवस राहणार,
त्याला कुणी विचारलं नाही.

रिदवान सगळं ऐकून घेतो.
मोडक्या फिनिशमध्ये, क्रियापद शोधत, म्हणतो,
"म्हणजे मी शब्द परत करायला आलोय."
औलिक्कीबाईंना कळत नाही, हसावं की नाही.

शब्द दोन्हीकडून वाचता येतो.
वाट येत नाही.
त्यानं करून पाहिलंय, रात्री, उशीवर:
टाम्पेरे, मग छावणी, मग ती बोट, मग तारांचं कुंपण,
मग गल्लीचं तोंड,
आणि तिथून पुढे अक्षरच नाही.

गुरुवारी तो कोटातून ठसा काढतो.
अक्रोडाचं लाकूड, तेलानं काळं पडलेलं,
त्यावर घराण्याचं नाव, उलटं कोरलेलं.
वडील म्हणायचे, आधी आपलं नाव उलटं वाचायला शीक,
सुलटं काय, वडीसुद्धा वाचते.
नऊ महिने वाळायच्या त्या वड्या,
बाहेरून पिवळ्या, कापल्या की आत अजून हिरव्या.
नऊ महिने, तो बोटं मोडतो.
माझ्या कागदांना त्याहून जास्त झाले.

औलिक्कीबाई ठसा हातात घेतात, हुंगतात,
आणि कुणी काही म्हणायच्या आत
आपल्या तळव्यावर दाबतात, जोरात.
कातडीवर पांढुरकी अक्षरं उमटतात,
कडांना लाल.
"कुठल्या बाजूनं वाचू?"

अक्षरं विरायला लागली आहेत.
रिदवान म्हणतो,
"लवकर."