दुसरा जिना

दवाखान्यातल्या परिचारिकेनं दिलेल्या कागदावर
चार पत्ते होते, पेनानं लिहिलेले,
त्यातला एक खोडून पुन्हा लिहिलेला.
अकरा दिवस तो मी कोटाच्या खिशात बाळगला.
एकदा भिजला.
एकदा त्याच्याच पाठीवर मी वीजबिलाची बेरीज केली.

क्लाइपेदाच्या बंदरात मी क्रेन चालवते.
पस्तीस मीटर उंचावरून कंटेनर
जागच्या जागी ठेवते, बोटभर इकडेतिकडे नाही.
खाली उतरले, रात्र झाली,
की माझ्याच कुलपाचं भोक मला सापडत नाही.
शेजारची ओना दार किलकिलं करते, बघते,
माझ्या हातातून किल्ली घेते, उघडून देते
आणि काही म्हणत नाही.
कामावर असताना कधीच नाही, असं मी सगळ्यांना सांगते.
न विचारता सांगते.

पहिला पत्ता वाचनालयाचा.
दारावर दुरुस्तीची पाटी,
आत कुणीतरी एकटंच फरशी घासत होतं.

दुसरा, पलीकडच्या वाळूपट्टीला फेरी सुटते
त्या धक्क्यामागे. मंगळवारी.
मी गेले बुधवारी.
मुद्दाम गेले का, कुणास ठाऊक.
इथे रात्री आठनंतर दुकानं बाटली विकत नाहीत.
परतताना मी सात पन्नासला दुकानात होते.

तिसरा: चर्चचं तळघर, गुरुवार.
जिना उतरले. उजेड. अर्धगोलात खुर्च्या.
वीसेक माणसं, ओल्या कोटांचा वास.
कोण, कुठली, किती वर्षं, काही नाही.
एका बाईनं हातात कागद दिला, म्हणाली,
"वरचा आवाज की खालचा?"
मला वाटलं, सुरुवात अशीच करत असतील.
म्हटलं, खालचा.
मग सगळे उभे राहिले
आणि गायला लागले.

चुकून आले, एवढं म्हणायचं होतं.
पण मग काय शोधत आले, तेही सांगावं लागलं असतं.
त्यापेक्षा गाणं सोपं.
अर्धा तास नुसते ओठ हलवले.
मध्येच एकदा आवाज फुटला माझा,
तेल न घातलेल्या कप्पीसारखा.
शेजारचीनं वळून पाहिलं
आणि कागदावरची ओळ बोटानं दाखवली.

सगळे पाणी प्यायला थांबले.
पियानोवरचे झिग्मास आजोबा
खिशातून डोकावणाऱ्या माझ्या कागदाकडे बघत होते.
पानं जुळवत, मान वर न करता म्हणाले,
"ते दुसऱ्या जिन्यानं. मागून,
कचऱ्याच्या डब्यांशेजारून.
हिरवं दार आहे, फुगलंय, खांदा लावायचा.
सातला सुरू होतं.
मी इथलं आवरून येतोच. तेरा वर्षं येतोय."
आणि मग, जरा थांबून,
"खालचा आवाज मात्र आम्हाला खरंच कमी पडतो."

सातला दहा कमी.
समुद्राचा वारा डब्यांची झाकणं वाजवत होता.
दुकान अजून तासभर उघडं असणार,
कोपऱ्यावरच, दिवा दिसत होता.
गाण्याचा कागद परत द्यायचा राहिलाच होता हातात.
चौथा पत्ता वाचलाच नव्हता मी,
जपून ठेवला होता,
न जाण्यासाठी अजून एक जागा म्हणून.

खांदा लावला.
दार हललं नाही.
आत खुर्ची सरकली, पावलं आली,
फळीपलीकडून कुणीतरी म्हणालं,
"थांब हं. मी ओढते,
तू ढकल."